डोलोरेसबाईंची खुर्ची

खुर्ची जागेवर होती. टॅक्सीतून एक पाय खाली टाकता टाकता कॉर्नेल पेटवेनं आधी तीच पाहिली आणि त्याला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचाही कंटाळा आला. पाच दिवस, तीन शहरं, तिन्ही ठिकाणी हार. पोलिश हिलच्या त्या चढावर दोन्ही कडांना कमरेएवढे बर्फाचे ढीग पडलेले, आणि त्याच्या घरापुढं मात्र एका गाडीपुरता चौकोन खरवडून साफ केलेला, खालचं डांबर दिसेल इतका. चौकोनाच्या मधोमध ती पिवळ्या रेक्झिनची, स्टीलच्या पायांची स्वयंपाकघरातली खुर्ची. बैठकीला तीन ठिकाणी चिकटपट्टी. ज्यानं बर्फ उपसला त्याची जागा, आणि जागेवर खुर्ची म्हणजे कुलूप. पिट्सबर्गात चोरसुद्धा ती हलवत नाही. त्याची स्वतःची गाडी विमानतळावर बर्फाखाली गाडली गेली होती, ती काही आज निघणार नव्हती. गाडी नाही, तरी जागा होती. तो बॅग खांद्याला लावून तसाच उभा राहिला आणि खिशातला फोन वाजला.

"पोचलास?" वेंडल क्रो. बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक. कोणाला आणायचं, कोणाला काढायचं हे सगळं आता त्याच्या हातात. पण अकरा वर्षांपूर्वी कॉर्नेल या गावात आला तेव्हा हाच वेंडल त्याच्या शेजारच्या कपाटात बूट ठेवायचा आणि मोजे बिनदिक्कत कॉर्नेलचे घालायचा.

"दारात आहे."

"गुडघा?"

"तोही आलाय बरोबर."

"बरं, ऐक. टेव्हियनचं जमलंय. फिनिक्सवाले घेतायत. पण तुझा होकार लागेल." जेवताना पलीकडचं मीठ मागावं तसं तो म्हणाला.

"माझा कशाला?"

"दोन्हीकडच्या पगारांचा काटा जुळायला हवा ना. तू गेल्याशिवाय जुळत नाही. तीन वाजता अदलाबदलीची मुदत संपते."

साडेअकरा झाले होते. कॉर्नेलचा करार एका वर्षाचा. गेली तीन वर्षं एकेकाच वर्षाचा होत होता, कारण त्या गुडघ्याकडे बघून दुसरं वर्ष कोण देणार? पण अशा करारावरच्या जुन्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्या संघाकडं धाडता येत नाही, असा नियम आहे. तो नियम कधी आपल्या कामाला येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणजे झालं असं, की ज्या पोरानं महिन्यापूर्वी 'मला इथून सोडा' म्हणून उघड मागणी केली, ज्याच्या नावाच्या जर्सी लोकांनी मैदानाबाहेर जाळल्या, त्याची सुटका आता कॉर्नेलच्या एका शब्दावर येऊन अडली होती. हो म्हटलं तर दोघं जाणार. नाही म्हटलं तर दोघं राहणार.

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर तो उन्हाळ्यापर्यंत इथंच. तोंड पाडून खेळेल, शिव्या खाईल. तुला मात्र लोक डोक्यावर घेऊन नाचतील." वेंडल जरा थांबला. "फिनिक्सला तू नकोयस, हे मी तुला काय सांगू. आठवड्यात मोकळा करतील. पण एप्रिलचं आपलं ठरलंय ते ठरलंय. तू गेलास तरी तुझी चौदा नंबरची जर्सी मानानं मैदानाच्या छताला लागणारच. लोक रडतील रे. म्हणतील, त्या पोरापायी आमचा माणूस गेला."

तेरा पायऱ्या चढायला त्याला हल्ली दोन थांबे लागत. हे घर त्यानं आल्यावर दुसऱ्या वर्षी घेतलं, स्वस्तात मिळालं म्हणून. दोन वर्षांत जायचंच आहे, मग महागाचं कशाला? बाकीचे खेळाडू तिकडं शहराबाहेर, फाटकं आणि पहारेकरी असलेल्या वस्त्यांत राहत. याचं अरुंद तिमजली घर कामगारांच्या उतरणीवर, मागच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडं नदी. लोकांनी त्याचा अर्थ लावला प्रेम. एकदा त्यानं एका बाईला दुकानात खरं सांगून पाहिलं, की बाई, घर स्वस्त होतं. तर ती 'काय साधेपणा!' म्हणून डोळे पुसायला लागली. आता यावर माणसानं काय बोलावं? तेव्हापासून त्यानं खरं सांगणं सोडलं. बेकरीच्या कारखान्याच्या भिंतीवर त्याचं तीन मजली चित्र रंगवलंय, हातात चेंडू, वर आढ्याकडे बघणारे डोळे, आणि खाली एकच शब्द: राहिला. चित्रकारानं नाक चुकवलंय. ते नाक त्याच्या धाकट्या भावाचं वाटतं, आणि तो भाऊ त्यांच्या जन्मगावातून, गॅरीतून, बाहेर पडला तो कुठंच राहिला नाही.

बॅग दारातच टाकून तो बसला. घरात पाच दिवसांचा बंद वास होता. टेव्हियन पहिल्यांदा या घरात आला तो चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत. वीस वर्षांचं पोर, लुइझियानातल्या लेक चार्ल्सचं, बर्फ म्हणजे फ्रीजमध्ये असतो एवढंच ठाऊक. संघानं त्याला सगळ्यांच्या आधी निवडून आणलं होतं आणि कॉर्नेलच्या गळ्यात बांधलं होतं, जरा शहाणं कर म्हणून. 'काका, जेवायला येऊ का?' म्हणाला. आला. आणि समोर राहणाऱ्या डोलोरेसबाईंच्या दारात रस्त्यावर एक खुर्ची कोणी विसरून गेलंय असं वाटून, घरी आईनं लावलेल्या वळणाप्रमाणं, त्यानं ती उचलली, हातानं तिच्यावरचा बर्फ झटकला, बाईंच्या पायरीवर नीट ठेवली, आणि त्या जागी आपली नवी कोरी गाडी लावली. वर येऊन सांगतो काय, 'कोणाची तरी खुर्ची राहिली होती बाहेर, मी पायरीवर ठेवून दिली.' कॉर्नेल ताट टाकून उठला. धावत खाली जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं: बाई पाण्याची नळी घेऊन अंगणात उभ्या, आणि त्या थंडीत गाडी बघता बघता काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी दिसायला लागलेली. दारं, चाकं, आरसे, सगळं गोठून एक. पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहिलं. मग ते बाईंच्या समोर गेलं, टोपी काढली, म्हणालं, 'मॅडम, आमच्याकडं रस्त्यावर खुर्ची असली तर तिच्यावर म्हातारा बसलेला असतो.' बाईंनी नळी बंद केली. त्यानंतर त्यानं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या अकरा पिरोग्या खाल्ल्या, आणि तेव्हापासून त्या त्याला 'लुइझियाना' म्हणायला लागल्या. कॉर्नेलनं परतताना त्याला बजावलं होतं: "इथं कोणाची बायको पळवलीस तर दोन वर्षांनी माफ करतील. खुर्ची हलवू नकोस."

दार वाजलं नाही, उघडलंच. डोलोरेस वॉयचिकना दार वाजवायची सवय नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उंचीनं त्याच्या कोपरापर्यंत, एका हातात झाकलेलं भांडं आणि काखेत छोटा रेडिओ.

"आलास? तीन सामने हरून आलास. लाज कशी वाटत नाही? बस. गरम आहे तोवर खा."

"बसलेलोच आहे. जागा कोणी साफ केली?"

"देवदूतांनी."

"डोलोरेसबाई, तुमचं वय काय, तुम्ही करता काय."

"मग? माझा म्हातारा, स्टॅन, असता तर त्यानं केली असती. तो नाही, म्हणून मी. माणूस परत यायचा आहे म्हटल्यावर जागा नको राखायला?" त्यांनी रेडिओ खिडकीत ठेवून कान पिळल्यासारखा फिरवला. आत दोन माणसं तावातावानं बोलत होती. टेव्हियन ब्रूसार्ड, कृतघ्न, पळपुटा, आणि मग नेहमीसारखं: पेटवेकडं बघून तरी शिकायचं होतं. "ऐकलंस? आज तीनच्या आत जाईल म्हणतात. जाऊ दे मेल्याला. त्याच्या जर्सीनं फरशी पुसते मी आता. पण पाणीही धड शोषत नाही, घालणाऱ्यासारखीच निसरडी."

"पोर आहे हो ते."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस माझ्या घरात."

"हे माझं घर आहे."

"तेच ते." त्यांनी त्याच्या ताटात आणखी दोन पिरोग्या ढकलल्या. "मी काय म्हणते, जायचं त्यानं जावं. फक्त आपला माणूस नेऊ नये बरोबर. तू आहेस म्हणून मी अजून सामना बघते, नाहीतर त्या वेळात झोप तरी होते."

बाईंच्या हातांकडं त्याचं लक्ष गेलं. फावड्यानं दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि त्यावर त्यांनी पट्ट्या चिकटवल्या होत्या, खुर्चीला चिकटवलेल्याच पट्ट्या. आता सांगावं, असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे कुठून सुरू करायचं? आजच्यापासून की त्या मिनियापोलिसच्या हॉटेलपासून? तो नुसता "मीठ बरोबर आहे" म्हणाला, आणि बाई 'मीठ बरोबर असणारच' म्हणत रेडिओ उचलून गेल्या.

ते हॉटेल त्याला हल्ली अधूनमधून आठवायचं नाही, ते असायचंच. सहा वर्षं झाली. सत्ताविसाव्या मजल्यावरची खोली, भर दुपार, पडदे न उघडणारे. त्याच सकाळी बायकोनं, रेनिटानं, फोनवर सांगितलं होतं की ती अटलांटाला चाललीय, आईजवळ, आणि मुलीला, ओडेसाला, घेऊन चाललीय. ओडेसा तेव्हा सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. त्यानं आंघोळीचा टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत एजंटला फोन लावला होता. 'मला इथून काढ. अटलांटाला धाड. नाही जमलं तर जवळपास कुठं तरी.' खेळणं भरात होतं, तीस गुणांच्या रात्री होत्या; वाटलं, आपल्याला काय, कोणीही झेलून घेईल. वेंडल तेव्हा नुकताच वरच्या मजल्यावर, कचेरीत गेला होता. नऊ दिवस त्यानं सगळीकडं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही असं नाही. सगळ्यांनी हसून दिलं. अटलांटावाले म्हणाले, आमच्याकडं असे दोन आहेत. मुदत टळली. दुसऱ्या दिवशी सरावाला गेला तर एका वार्ताहरानं खांद्यावर हात ठेवला: 'सगळे जातायत, तू तेवढा राहिलास.' त्यानं मान हलवली. का हलवली? नाही म्हणायला तोंड उघडायला लागलं असतं, आणि त्या दिवशी त्याला तोंड उघडायचं नव्हतं, एवढंच. पेपरात मथळा आला. मग 'राहिला' छापलेले सदरे आले, मग भिंत आली. 'झाकली मूठ सव्वा लाखाची,' वेंडल म्हणाला होता, 'तुझंही भलं, आमचंही.' ओडेसा आता बारा वर्षांची आहे. उन्हाळ्यात दोन आठवडे येते, घराच्या पायऱ्या मोजत चढते. गेल्या खेपेला त्या भिंतीपाशी उभी राहून तिनं विचारलं होतं, 'बाबा, इथंच राहायचं हे तूच ठरवलंस?' त्यानं तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

थकवा अंगाचा असता तर बर्फात पाय बुडवून गेला असता. हा वेगळाच. दुसऱ्याचा कोट अंगात घालून सहा वर्षं हिंडावं, लोकांनी 'काय शोभतो' म्हणावं, आणि आता तो काढला तर आत आपण आहोत की नाही याचाच भरवसा वाटू नये, तसा. एप्रिलमध्ये नंबर छताला लागेल. त्याला ते हवं होतं. उगीच खोटं कशाला बोला, फार हवं होतं. गुडघ्याच्या बदल्यात काहीतरी वर टांगलेलं राहावं, ओडेसानं मान वर करून बघावं, असं त्याला वाटायचं. नाही म्हटलं तर तो नंबर लागणार होता. हो म्हटलं तरी लागणार होता, आणि वर लोकांचे अश्रू. दोन्हीकडून सोन्याचं. फक्त त्या पोराच्या वाट्याला दोन्हीकडून चिखल.

सव्वा वाजता दार वाजलं. खरंच वाजलं, म्हणजे बाई नव्हेत. टेव्हियन उभा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, धापा टाकत. सात फुटांना दोन बोटं कमी असलेला माणूस लपणार कुठं आणि कसा?

"काका, आत घे लवकर. समोरची आजी नळी घेऊन येईल."

"नळी नाही, तुझ्या जर्सीनं फरशी पुसतायत."

"पुसू देत. निदान कोणी वापरतंय." तो हसला, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसला, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. "वेंडलनं सांगितलं मला. तुझ्यावर आलंय म्हणून. मी मागायला नाही आलो. म्हणजे, मागायलाच आलोय. चार वर्षांत तीन प्रशिक्षक झाले, काका. दर वर्षी नव्यानं सांगतात, आता बांधणी सुरू. चोविसाव्या वर्षी मला म्हातारं वाटतंय. सामन्याआधी ओकारी येते. पण तू जाऊ नयेस असंही वाटतं. तू या गावाचा आहेस. माझ्यापायी तुला उपटायचं म्हणजे..." त्यानं टोपी काढून हातात फिरवली. "तुला एक सांगू? बेकरीवरून मी महिनाभर जात नाही. लांबून वळसा घालतो. तुझं ते भिंतीवरचं तोंड बघवत नाही."

"नाक चुकलंय त्यात."

"थट्टा नको करूस. लाज वाटते मला."

कॉर्नेलनं आतापर्यंत हे कोणाला सांगितलं नव्हतं. रेनिटालासुद्धा नाही, तिला तर मुळीच नाही. म्हणून त्याला वाटलं होतं, सांगायला वेळ लागेल. चार वाक्यांत झालं. हॉटेल, फोन, नऊ दिवस, कोणाला नको होतो.

"म्हणजे तूही मागितलं होतंस," टेव्हियन हळू म्हणाला.

"हो."

"आणि गप्प बसलास."

"बसलो."

"महिनाभर रे काका! सगळं गाव मला सांगतंय, पेटवेकडं बघ. आणि तू तिथंच असायचास. शेजारच्या कपाटापाशी. बूट बांधत!"

"हो."

"दोनच शब्द बोलायचे होतेस."

"हो." पोरगं उठून खिडकीशी गेलं, पाठमोरं उभं राहिलं. त्यानं कॉर्नेलला मारायला हवं होतं खरं तर, पण ते रडत होतं, आणि रडताना नाक ओढायचा आवाज अगदी वीस वर्षांच्या पोराचा होता. त्या वेळी कॉर्नेलचं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. बूट घोट्यापर्यंत भिजून काळे पडलेले, विजार पोटरीपर्यंत ओली, आणि फरशीवर दारापासून खिडकीपर्यंत पाण्याचे ठसे.

"तू चालत आलास?"

"गाडी खाली लावलीय. चर्चच्या पलीकडं, पुलाजवळ."

तिथून वर यायचं म्हणजे पाऊण मैल, अंगावर येणारा चढ, आणि वाटेत प्रत्येक खिडकीत त्याच्या नावानं बोटं मोडणारं माणूस. "अरे, इथं दारात रिकामी जागा होती की."

टेव्हियननं वळून पाहिलं. डोळे लाल, पण चेहऱ्यावर खरंखुरं नवल, की काका असं काय विचारतोय. "खुर्ची होती ना," तो म्हणाला.

कॉर्नेलनं कपाटातून कोरड्या मोज्यांचा जोड काढून त्याच्याकडं फेकला. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं आणि वेंडलला फोन लावला.

"होकार आहे माझा."

वेंडलनं सोडलेला श्वास ऐकू आला. "थोर आहेस बाबा तू."

"थांब. पत्रकात एक ओळ घालायची. पेटवेनं स्वतः सोडण्याची मागणी केली. पहिल्यांदा सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्यांदा आज. तारखा घाल."

"वेड लागलंय का तुला? अरे कोण विचारतंय? तू मुकाट जा, सगळं गाव तुझ्यासाठी रडेल. झाकली मूठ..."

"मुठीला पेटका आलाय रे वेंडल. सहा वर्षं झाली."

"छताचं विसर मग. ते मालक नाही ऐकणार. भिंतही पुसतील, सांगून ठेवतो."

"नाकापासून सुरू करा म्हणावं."

मग वेंडल एकदम जुन्या, कपाटाशेजारच्या आवाजात म्हणाला, "त्या वेळी मी आणखी दोन ठिकाणी विचारायला हवं होतं, कॉर्नेल. अटलांटाला परत एकदा तरी." आणि त्यानं फोन ठेवला.

टेव्हियन मोजे घालून गेला. जाताना दारात त्यानं कॉर्नेलला घट्ट धरलं. बोलला काही नाही, रागही पुरता गेला नव्हता, पाठीवर थाप जरा जोरातच मारली. कॉर्नेल खिडकीत उभा राहून त्याला उतारावरून जाताना बघत होता. पोरगं खुर्चीच्या बाजूनं गेलं, चौकोनात पाय न टाकता.

तीनला दहा कमी असताना त्यानं बॅग उघडली, आतले कपडे बाहेर काढले, आणि तेच परत आत ठेवले. गावात असं काय होतं जे न्यायचं? समोरच्या घरात बाई रेडिओपाशी असणार. उठून जावं, आधी आपल्या तोंडानं सांगावं, एवढं तरी करावं, असं तो स्वतःला सांगत होता. पण गुडघा निमित्ताला होताच, आणि जिना तेरा पायऱ्यांचा. सहा वर्षं ज्यानं तोंड उघडलं नाही त्याला दहा मिनिटांत कुठून शहाणपण सुचणार! तीन वाजले. तीन वाजून चार मिनिटांनी समोरचं दार उघडलं आणि डोलोरेसबाई बाहेर आल्या, अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. त्या त्याच्या दाराकडं आल्या नाहीत. सरळ रस्त्यावर गेल्या, दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि पायऱ्या चढायला लागल्या. तो धडपडत बाहेर आला.

"द्या इकडं. पडाल."

"हात लावू नकोस." तेराच्या तेरा पायऱ्या त्या खुर्ची आपटत, थांबत, चढल्या. वर आल्यावर ओठ निळे पडले होते. "खरं आहे ते?"

"हो."

"सहा वर्षांपूर्वी?"

"हो."

"तेव्हाही मी बर्फ उपसत होते. स्टॅनला जाऊन तीन वर्षं झाली होती. मला वाटायचं, चला, एक माणूस आहे जो घरी म्हणून परत येतो."

"येतच होतो ना, डोलोरेसबाई."

"नाइलाजानं!" हा शब्द त्यांनी इतका मोठ्यानं म्हटला की पलीकडच्या घराचा पडदा हलला. मग एकदम त्यांचा आवाज खाली बसला. "तुझी पोर तिकडं. दात पडलेली. माझ्या ओट्यावर बसून खायची. मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, जा बाबा, इथं काय ठेवलंय. लाथ मारून घालवलं असतं तुला. पण सांगितलं का नाहीस? मी कोण होते तुझी, कोणीच नाही?" त्या रडत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या, थंडीनं की कशानं कोण जाणे. त्यानं आपलं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. त्यांनी ते राहू दिलं. "आणि त्या लुइझियानाला मी काय काय बोलले. फरशी पुसली."

"धुवून ठेवा ती जर्सी."

"धुतलीय." त्यांनी खुर्ची त्याच्यापुढं सरकवली. "ही घे. घेऊन जा."

"फिनिक्सला बर्फ पडत नाही."

"मग बस तिच्यावर," डोलोरेसबाई म्हणाल्या, आणि त्याचं जाकीट अंगावर तसंच ठेवून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत, रस्ता ओलांडून घरात गेल्या. दार लावल्याचा आवाज आला. कडी घातल्याचाही.

त्यानं खुर्ची वळवून रस्त्याकडं तोंड करून ठेवली. स्टॅननंतर तिच्यावर कोणी बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. ती फक्त उभी असायची. बसला तेव्हा तिचा एक पाय जरासा आखूड आहे हे त्याला कळलं. गुडघा सरळ करता आला, तो सकाळपासून पहिल्यांदाच. खिशात फोन थरथरत होता, सारखा. त्यात एक अटलांटाचा असेल, शाळा आता सुटली असेल. घेतो, जरा दम खाऊन घेतो. खाली तो साफ केलेला चौकोन एवढा मोठा दिसत होता की आपली गाडी त्यात एवढी अडचणीनं कशी मावायची, याचं त्याला नवल वाटलं. तेवढ्यात एक निळी गाडी चढ चढत आली, जागेपाशी मंदावली, पुढं गेली, आणि मागं आली. काच खाली झाली. मागच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या असलेली एक बाई मान वाकडी करून वर बघत होती. इथलीच असणार, कारण नुसती घुसली नाही.

"अहो, ही जागा कोणाची आहे का?"

कॉर्नेलनं समोरच्या बंद दाराकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"नाही," तो म्हणाला. "लावा तुम्ही."

त्या बाईला गाडी आत घालायला तीनदा पुढंमागं करावं लागलं.